सात वाजताचा भोंगा

माझ्या दवाखान्यात नंबर लावण्याची पद्धत जुनीच आहे. दाराशी एक वही ठेवलेली असते. येणारा रुग्ण तीत आपले नाव लिहितो आणि आमचे कंपाउंडर क्रमाने नावे पुकारतात. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस एका संध्याकाळी त्यांनी चौदावे नाव पुकारले आणि पडदा सरकवून आत आल्या त्या माझ्या सासूबाई. हातात पिशवी, अंगावर बाहेर जाताना नेसायचे पातळ. घर दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. मी म्हटले, "आई, तुम्ही? आणि नंबर कशाला लावलात? घरी सांगायचे ना!"

समोरच्या खुर्चीत बसत त्या म्हणाल्या, "इथे नंबर लावला की तू माणसाकडे बघून बोलतेस."

कंपाउंडर हसले, मीही हसले. बाहेर अजून सात-आठ जण ताटकळत होते. मी त्यांचा रक्तदाब पाहिला. तो ठीक होता. कंपाउंडरांना रिक्षा बोलवायला सांगून मी त्यांना घरी पाठवले. रात्री हा प्रसंग आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिला. न्यू जर्सीच्या नणंदेने हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली, बंगळूरच्या मुलाने 'आजी रॉक्स' असे लिहिले, दूरच्या चुलत भावंडांनीही अंगठे वर केले. सासूबाई शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या.

डिसेंबरात त्यांच्या माहेरी जाण्याचा योग आला. त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या मामांना, भेटून बरेच दिवस झाले होते. यजमानांना रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच पुण्याहून दुपारच्या गाडीने निघालो. दवाखाना चार दिवसांसाठी एका सहकारी डॉक्टरांकडे सोपवला होता.

या मार्गावरून मी लग्न झाल्यापासून प्रवास करीत आले आहे. पूर्वी साताऱ्याच्या आसपास डबे उघडत. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी या बाकावरून त्या बाकावर जाई आणि "कुठले म्हणायचे आपण?" या प्रश्नापासून सुरू झालेले बोलणे कराड येईपर्यंत सोयरिकीवर पोचलेले असे. या खेपेस आमच्या डब्यात बसलेल्या आठ जणांपैकी सात जणांच्या माना खाली होत्या. आठव्या म्हणजे सासूबाई. त्यांनी समोरच्या तरुणीला गुळाची पोळी पुढे केली. तिने कानातले एक बोंडूक काढले, "नको आजी, थँक्यू," असे अगदी गोड शब्दांत म्हटले आणि बोंडूक परत कानात घातले. त्या मुलीची चूक अशी काहीच नव्हती. सासूबाई खिडकीकडे वळल्या. मग मीही पर्समधला फोन काढला. हे आज आठवते. तेव्हा जाणवले नव्हते.

किर्लोस्करवाडीला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर वसवलेली ही औद्योगिक वसाहत. मामेदीर गाडी घेऊन आले होते. पुढे कुंडल लागते. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख केंद्र. इंग्रजांची कोर्टकचेरी नाकारून गावांनी आपले तंटे आपणच मिटवावेत, आपले नियम आपणच घालून घ्यावेत, हा त्या चळवळीचा गाभा होता. सासूबाईंच्या वडिलांच्या पिढीने तो काळ पाहिलेला.

कुंडलच्या पुढे सागरेश्वराचे डोंगर दिसू लागतात. येथील अभयारण्य मानवनिर्मित आहे. एके काळी हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून येथे झाडे लागली, ती राखली गेली, हरणे सोडण्यात आली आणि 1985 मध्ये शासनाने या रानाला अभयारण्याचा दर्जा दिला. या डोंगरांच्या आसपास यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आहे. हा पट्टा पूर्वी दुष्काळी होता. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवले आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांमागून आमची गाडी रखडत चालली होती. सासूबाई मात्र प्रत्येक वळणावर कोणाची विहीर, कोणाचे रान, कोण कोणाच्या घरात दिली, हे सांगत होत्या. पुण्यात दिवसाकाठी चार वाक्ये बोलणाऱ्या बाईंना एवढे बोलता येते, याचेच मला नवल वाटले.

मामांची मुलगी मोहित्यांच्या वडगावात दिलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जेवण होते. फोनवर तिने बजावले होते, "वहिनी, सातच्या आत या. सातला भोंगा होतो."

या भोंग्याविषयी वाचकांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा पुन्हा उघडल्या तरी मोबाइल हातातून सुटेना. मुले आळसावली, लिहिण्यावाचण्यात त्यांचे मन लागेना, असे शिक्षकांच्या लक्षात आले. घरोघरी मोठ्यांची संध्याकाळही मालिका आणि मोबाइल यांतच जात होती. तेव्हा 2022 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ठरवले की, रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, ते साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा आणि बोलण्याचा. आरंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. पण आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावाची बातमी पुढे देशभर पोचली.

मी काहीशा कुतूहलाने आणि, खरे सांगायचे तर, काहीशा अविश्वासाने गेले होते.

पावणेसातला आम्ही पोचलो. सोप्यात टीव्ही चालू होता. कुठल्याशा मालिकेतली सून हुंदके देत होती. चौथीतली भाची जमिनीवर पालथी पडून मोबाइलवर खेळत होती. बरोबर सातला देवळाच्या बाजूने भोंग्याचा लांबलचक आवाज आला. नणंदेने उठून टीव्ही बंद केला, सून हुंदक्यातच राहिली. भाचीने मोबाइल फळीवर ठेवला आणि दप्तर ओढले. कोणी कोणाला काही सांगितले नाही. दिवेलागण झाली की देवापुढे निरांजन लावतात, तितक्या सहजपणे हे घडले.

मग जे कानांवर पडू लागले ते आधीपासून तेथेच असावे. गोठ्यातली घुंगरे, शेजारच्या घरात कोणीतरी मोठ्याने म्हणत असलेले पाढे, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, दूरवर उसाचा ट्रॅक्टर.

नियम पहिल्यांदा मोडला तो मीच. वीसेक मिनिटांनी पर्समध्ये फोन थरथरला आणि हात आपोआप तिकडे गेला. "डॉक्टरांना फोन बंद ठेवता येत नाही," हे माझे गेल्या वीस वर्षांचे ठरलेले उत्तर आहे. रुग्ण तर सहकाऱ्यांकडे सोपवून आले होते. तरीही मी फोन काढला. आमच्या सोसायटीच्या गटावर कोणी फुलाचे चित्र पाठवले होते आणि त्यावर 'शुभ संध्याकाळ' लिहिले होते. मान वर केली तर भाची माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. मी फोन बंद केला.

काही वेळाने सासूबाई पाणी प्यायला उठल्या. मामा त्यांच्याकडे पाहत होते. म्हणाले, "अक्का, भिंत धरून कधीपासनं चालायला लागलीस?"

सासूबाई पुन्हा येऊन बसल्या. पंचावन्न वर्षे पुण्यात राहिलेल्या त्यांच्या तोंडी माहेरची बोली आली. "पडले होते. दसऱ्याच्या आधी. रात्री उठले न्हाणीत जायला, तर डोळ्यांपुढं अंधारी आली. कोपर सोलपटलं. तवापासनं भ्या वाटतंय."

"मग? डॉक्टरीण घरात हाय की!"

"सांगायला गेले होते एकदा," त्या म्हणाल्या. "नंबर लावून."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकणे अवघड गेले. ऑक्टोबरातली ती संध्याकाळ, चौदावा नंबर, कंपाउंडरांचे हसणे, गटावरच्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग, सगळे एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. त्या का आल्या आहेत, हे मी त्यांना विचारलेच नव्हते. एकोणऐंशी वर्षांची रक्तदाबाची रुग्ण रात्री पडते आणि तिच्याच घरात राहणाऱ्या डॉक्टर सुनेला ते दोन महिन्यांनी, परक्या गावातल्या सोप्यात कळते. तेही भावाच्या प्रश्नामुळे! त्या भावाला ते एका संध्याकाळीच दिसले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपले नेमके काय चुकले, याचा विचार करीत होते. फोनमुळे त्या पडल्या नव्हत्या. त्याचे कारण वैद्यकीय होते, ते पुढे सांगते. मग फोनने काय केले?

प्रत्येक डॉक्टरला एक अनुभव असतो. रुग्ण सर्दी-खोकल्याची तक्रार सांगतो, औषध लिहून घेतो, उठतो, दारापर्यंत जातो आणि मग वळून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचे होते." खरा आजार बहुधा त्या 'अजून एक'मध्ये असतो. छातीत दुखणे, स्तनातली गाठ, नवऱ्याचे पिणे, मुलाचे गप्प होणे. अवघड गोष्ट माणूस विचारल्याबरोबर सांगत नाही. जरा रिकामा वेळ मिळाला, समोरच्याला घाई नाही असे दिसले, की ती हळूच बाहेर येते. घरातही असेच असते. शेंगा सोलताना, अंथरूण घालताना, वीज गेल्यावर अंगणात बसल्यावर, माणसे मनातले बोलत आली. त्या वेळेला काही नाव नव्हते, त्यामुळे तो जाताना कोणाला कळला नाही. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि असा प्रत्येक रिकामा क्षण आपण खिशातल्या पडद्याला देऊन टाकला. बोलायला आपल्याला कोणी बंदी केली नाही. बोलणे ज्या फटींतून झिरपत असे, त्या फटी मात्र बुजल्या.

1970 च्या दशकात अमेरिकेत डॉ. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई तान्ह्या बाळाशी हसतखेळत बोलत असते. मग सांगितल्याप्रमाणे ती एकाएकी चेहरा निर्विकार करते आणि काही मिनिटे प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसते, हात पुढे करते, हुंकार देते. तरीही आईचा चेहरा हलत नाही, तेव्हा ते कासावीस होते आणि शेवटी मान फिरवून घेते. लसीकरणाच्या दिवशी माझ्या दवाखान्याच्या बाकावर हे दृश्य मी कितीदा पाहते. आईच्या मांडीवरचे बाळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत असते आणि आई पडद्याकडे. त्या आयांना मी अनेकदा समजावलेही आहे. म्हातारी माणसेही बाळासारखीच करतात, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. आधी हाक मारतात, मग काही निमित्त काढतात, मग नंबर लावतात आणि शेवटी खिडकीकडे वळतात.

तरुणांच्या तक्रारी निराळ्या. निरोप वाचल्याच्या त्या दोन निळ्या खुणा 2014 मध्ये आल्या आणि 'वाचले तरी उत्तर दिले नाही' हे भांडणाचे नवे कारण झाले. डोकेदुखी, धडधड, झोप न येणे म्हणून आलेल्या तरुण-तरुणींशी थोडे बोलले की पुष्कळदा अशा न आलेल्या उत्तराची वाट पाहणे त्यामागे सापडते. कोणाला इतरांच्या सहलींची आणि वाढदिवसांची छायाचित्रे पाहून स्वतःचा संसार फिका वाटू लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो. एकाकी माणसे म्हणजे एकटी राहणारीच, असे मात्र समजू नये. आमच्या घरात आम्ही तिघे होतो.

पुण्यास परतल्यावर पहिले काम केले ते तपासणीचे. सासूबाईंना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घेतला. मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतला. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती घसरण महत्त्वाची मानतात. त्यांचा वरचा आकडा 26 ने उतरला. दवाखान्यात मी तो खुर्चीत बसवून पाहिला होता, म्हणून ठीक दिसला. आमच्या फिजिशियननी गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली. अशा वेळी गोळी स्वतःच्या मनाने मात्र कधी बंद करू नये. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, वाटेवर रात्रीचा मंद दिवा लावला आणि उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर बसण्याची सवय त्यांना लावली. वृद्ध माणसे पडल्याचे सहसा सांगत नाहीत. लेकीसुनांना त्रास नको, बाहेर जाणे बंद होईल, अशी अनेक भये असतात. म्हणून ते आपणच विचारावे लागते आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.

दुसरे काम अधिक कठीण होते. आमच्याकडे देऊळ नाही, भोंगा नाही. रात्री साडेआठ ते साडेनऊ फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे, असे ठरवले. तातडीच्या रुग्णांसाठी एक साधा फोन घेतला. त्याचा क्रमांक फक्त कंपाउंडर आणि दोन-चार गंभीर रुग्णांच्या घरी दिला. आजवर त्या तासात तो मोजक्याच वेळा वाजला आहे, यावरून माझे वीस वर्षांचे उत्तर किती खरे होते ते कळावे. पहिला आठवडा वाईट गेला. यजमान चिडचिडले. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत बसत असू आणि काय बोलावे ते कोणालाच सुचत नसे. सासूबाई नऊलाच झोपायला जात. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी त्यांनी मटारच्या शेंगा पुढ्यात घेतल्या. मग आम्हीही सोलू लागलो आणि त्यांच्या लग्नातल्या एका रुसव्याची गोष्ट निघाली. यजमानांनी ती आयुष्यात प्रथमच ऐकली. आजही आठवड्यातून एखाददुसरा दिवस आमचा नियम मोडतो. मोडणारी बहुधा मीच असते.

फोनला शिव्या देण्याचा माझा हेतू नाही. टाळेबंदीत सासूबाईंनी न्यू जर्सीतल्या नातवाचा पहिला वाढदिवस पडद्यावरच पाहिला. त्या औक्षणात कमी काही नव्हते. लांबच्यांना जवळ आणणारे हे साधन जवळच्यांच्या वाट्याचा वेळ खात नाही ना, एवढेच पाहायचे. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मोठ्यांनाही असे कोष्टक हवे. ते ज्याचे त्याने करायचे. दिवसातला एक तास निवडावा, तो सर्वांसाठी एकच असावा आणि मुलांच्या आधी मोठ्यांनी फोन खाली ठेवावा. सोलायला, निवडायला, घड्या घालायला काही हाताशी असले तर उत्तम. हात गुंतले की जीभ मोकळी होते.

सागरेश्वरचे रान आपोआप उगवले नाही. कोणीतरी तेथे आधी चराई थांबवली, मग झाडे जगली. वडगावच्या दीड तासाचेही तसेच आहे.

आता राहिली ती एक गोष्ट. कुटुंबाच्या गटावर मी सासूबाईंचा तो 'विनोद' टाकला होता. वडगावहून आल्यावर त्याचा उरलेला भागही लिहावा, म्हणून एकदा फोन हातात घेतला आणि चार ओळी लिहून पुसल्या. मग वेळ पाहून नणंदेला न्यू जर्सीला फोन लावला आणि तिच्या आईच्या पडण्याची सगळी हकीकत, माझ्या चुकीसह, सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "वहिनी, आई आहे का जवळ? तिच्याशी बोलते."

मी फोन सासूबाईंच्या हाती दिला आणि स्वयंपाकघरात गेले. मायलेकी पाऊण तास बोलत होत्या.